साळा वेचाले गेली

माझा धाकटा भाऊ नामदेव जन्मापासून मोठ्या आवाजाचा होता, म्हणून मला लिहिता-वाचता आलं. हे वाक्य मी काल नातसुनेला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "आजी, ह्याचा अर्थ लागत नाही." तिला म्हटलं, लागेल, दम धर. नाम्याचं रडणं इतर पोरांसारखं नव्हतं. त्याला आधी उचकी नाही, हुंदका नाही, ओठ काढणं नाही, एकदम तोफ. आमचा मळा नदीच्या काठाला, बाळापूरच्या अलीकडे. नाम्यानं तोंड उघडलं की मोटेचे बैल थबकायचे आणि नदीपलीकडच्या गावातली माणसं म्हणायची, "माळ्याचा पोट्टा उठला वाटते." ह्या तोफेवर उतारा एकच होता, तो म्हणजे मी. मी दिसले की तो गप्प. नजरेआड झाले की सुरू. त्यामुळे वयाच्या आठव्या वर्षापर्यंत मी नाम्याच्या डोळ्यांसमोर राहण्यापलीकडे दुसरं काम फारसं केलंच नाही. माय सकाळी भाकरी थापायला बसली की मला चुलीपाशी बसवायची, कारण नाम्या चुलीपाशी असायचा. बा वांगी तोडायला निघाला की मला वाफ्यात उभं करायचा, कारण नाम्या वाफ्यात असायचा. शेजारणी मायला विचारायच्या, "पोट्टीचं नाव काय ठेवलं वं?" माय म्हणायची, "यमुना. पन ते नाम्याची हाय."

तेव्हा आमच्या वऱ्हाडात कापसाला असे दिवस आले होते की तसे आधी कुणी पाहिले नव्हते. का आले हे गावात धड कुणालाच ठाऊक नव्हतं. समुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात लढाई जुंपली आहे, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला आहे, असं अकोल्याहून येणारे व्यापारी सांगत. गावात फिरता फिरता त्याचं असं झालं, की राणीसाहेबांच्या लुगड्याला सूत कमी पडलं. माझ्या मायला ह्याची खरोखर काळजी लागली होती. दिवेलागणीला हात जोडताना ती म्हणायची, "बाई बाई, एवढी मोठी रानी, अन् नेसाले नाई!" गावाची मात्र चंगळ झाली. आमच्या पाटलांनी मुंबईहून खुर्ची आणली आणि तिच्यावर मांडी घालून ते बसू लागले. छत्री आणली, ती मोडू नये म्हणून ते ती उन्हात उघडत नसत, जेवताना घरात उघडून डोक्यावर धरत. बूट आणले; ते मळू नयेत म्हणून बगलेत घेऊन चालत. त्यांच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. ज्याला त्याला सरकी पेरायचा इतका सोस, की लोकांनी परसातली भोपळ्याची वेल उपटून कापूस लावला, तुळशीच्या कट्ट्यापर्यंत लावला. एकटा माझा बा अडून बसला. "कापूस खाता येत नाई," एवढंच तो म्हणायचा आणि वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावायचा. लोक त्याला हसले. पुढे असं झालं की साऱ्या गावाकडे चांदी होती आणि वांगी फक्त आमच्याकडे. पाटील स्वतः बूट बगलेत घेऊन आमच्या मळ्यात यायचे, "माळीदादा, रोडग्यासंगच्या भाजीपुरती तरी देऊन ठेव गड्या." बा उगाच दोन वेळा मान हलवून मग टोपली भरायचा.

गावात शाळा एकच होती, मारुतीच्या देवळाच्या ओट्यावरची, दाजीपंत पंतोजींची. दाजीपंत म्हणजे तपकीर, शिंका आणि छडी. शिंक आली की छडी आपोआप उठायची आणि शिंक ओसरेपर्यंत कुणावर तरी पडायची. म्हणून त्यांनी डबी उघडली की ओट्यावरची पोरं मागे सरकायची. त्यांच्या हाताखालून साऱ्या गावाचे बाप गेले होते. नाम्या सहा वर्षांचा झाला तसा बानं त्याला ओनामा शिकायला तिकडे घातला आणि अर्थात माझीही रवानगी झाली. मी पोरगी, त्यातून माळ्याची. मला ओट्यावर जागा नव्हती. ओट्याखाली धुळीत, नाम्याच्या नजरेच्या टप्प्यात बसायचं असं ठरलं. दाजीपंत नाम्याला पाढे सांगता सांगता मला बोटानं खुणावत, थोडी डावीकडे, अजून जराशी, हां. समई सरकवावी तशी ते मला सरकवत. नाम्यानं त्या वर्षात एकही पाढा पाठ केला नाही. मला करायला दुसरं काहीच नव्हतं. एकापासून तिसापर्यंतचे पाढे, पावकी, निमकी, अडीचकी, सगळं माझ्या कानात येऊन पडायचं, आणि ओट्यावरची पोरं धूळपाटीवर जे गिरवायची ते मी खाली खऱ्या धुळीत गिरवायची. जागा भरपूर होती. क काढायचा तर मी हातभर लांब काढायची. दाजीपंतांनी ते पाहिलं होतं की नाही, हे मला पुष्कळ दिवस कळलं नाही.

मग सरकारी मास्तर आले. गोविंदराव त्यांचं नाव, वय फार तर वीस-बावीस, पुण्याकडचे. पाटलांनी आपली कापसाची एक वखार शाळेला दिली आणि वर भिंतीवर टांगायला मुंबईहून आणलेलं घड्याळ दिलं, कारण त्यांच्या घरी ते कुणालाच वाचता येत नव्हतं. त्या घड्याळाचं वागणं स्वतंत्र होतं. दुपारी बाराला ते सातदा वाजायचं, आणि बायाबापड्यांनी ते मनावर घेतलं होतं. "सात वाजले, भाकर घेऊन वावरात जाय," असं म्हणायच्या. मास्तर भले होते, पण आमची बोली त्यांना उमगेना; 'करतो आहे' असं म्हणायचं तर आम्ही 'करून राह्यलो' म्हणतो. पहिल्याच दिवशी कुणी पोरगा म्हणाला, "मास्तर, मी लिहून राह्यलो." मास्तर म्हणाले, "लिहून कुठे राहिलास?" पोरगा म्हणाला, "इथीच त राह्यलो." मास्तरांनी पुन्हा विचारलं, "मग लिहिलंस का?" "नाई ना, लिहून राह्यलो!" दोघेही रडकुंडीला आले. एकदा आमच्या मळ्यावरून जाताना मास्तरांनी नाम्याला गाठलं. तो आपल्या नित्याच्या कामात होता. मास्तरांनी मायेनं विचारलं, "बाळ, का रडतोस?" नाम्यानं तेवढ्यापुरता आवाज थांबवला आणि म्हणाला, "मी कोठी रडून राह्यलो? मी त बोंबलून राह्यलो." आणि पुन्हा लागला. मास्तर डोक्याला हात लावून उभे राहिले.

आता एका गावात दोन शाळा म्हटल्यावर पोरांचा भाव वाढणारच. दाजीपंत शनिवारी गूळ-फुटाणे वाटायचे, तर मास्तरांनी शुक्रवारी खोबरं सुरू केलं. पोरं शुक्रवारी वखारीत आणि शनिवारी ओट्यावर. भादव्यात गणेशचौथ आली तेव्हा ही चढाओढ रस्त्यावर आली. जुन्या रिवाजाप्रमाणे दाजीपंत चौकचांदणी काढायचे. म्हणजे पोरांना नवे कपडे घालून, गणपतीची गाणी म्हणत घरोघर न्यायचं, प्रत्येक दारात त्या घरच्या पोराचे डोळे फडक्यानं बांधायचे आणि घरच्यांनी पंतोजीला धोतर, नारळ, काहीतरी घातल्याशिवाय सोडायचे नाहीत. मास्तरांना हे सरकारी शाळेत बसण्यासारखं वाटेना, पण पोरं म्हणाली की चौकचांदणी नाही तर आम्ही ओट्यावर चाललो. तेव्हा त्यांनीही काढली, गाणी तेवढी शुद्ध. दोन्ही वराती एकाच वेळी पाटलांच्या दारात आल्या. इकडून दाजीपंतांची पोरं, तिकडून मास्तरांची पोरं, मधे झांजा, आणि पाटील खुर्चीवर मांडी घालून, छत्री उघडून बसलेले. ते खूष होऊन म्हणाले, "ज्याचा आवाज मोठा, त्याले पेढे!" झालं. दोन्हीकडची पोरं घसा फाटेस्तोवर गाऊ लागली. त्या गर्दीत दाजीपंतांनी सवयीनं नाम्याचे डोळे बांधले.

नाम्याचे डोळे बांधले म्हणजे मी दिसेनाशी झाले.

त्यानंतर जे झालं त्याचं वर्णन गावात पुढे कित्येक वर्षं चालू होतं. झांजा थांबल्या. पाटलांच्या गोठ्यातली म्हैस दावं तोडून निघाली. पाटलांच्या हातातली छत्री आपोआप मिटली, ती त्यांच्या पागोट्यावर. पाटलीणबाई आतून धावत आल्या आणि अख्खं ताट पेढे नाम्याच्या समोर ठेवून म्हणाल्या, "घे रे बाप्पा, सगळे घे, पन गप बस." दाजीपंत म्हणाले, "पोरगा माझा." मास्तर म्हणाले, "स्पर्धा खुली होती." दुसऱ्या दिवशी मास्तर मळ्यात येऊन बाला म्हणाले, "नामदेवला माझ्याकडे पाठवा. अशा आवाजाचा मुलगा शाळेत असला तर शाळा चालते आहे हे साऱ्या गावाला कळेल." बा वांगी तोडत होता. त्यानं वर न पाहता म्हटलं, "पोट्टा पाह्यजे त पोट्टी घ्या लागते. अन् ते बाहेर बसनार नाई, हिवाळा येऊन राह्यला. आतमंदी बसंल." मास्तर म्हणाले, "बसू दे." बानं हे काही माझ्या शिक्षणासाठी केलं नव्हतं, मला सर्दी झाली की नाम्याचं कोण पाहील, एवढाच त्याचा हिशेब. पण अशा रीतीनं मी छपराखाली आले. दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढली तेव्हा मास्तरांनी नाम्यासाठी आणलेली पाटी माझ्याच मांडीवर होती, कारण तिच्यावर डोकं ठेवून झोप काढण्यापलीकडे नाम्याला तिचा उपयोग नव्हता. पाटीपूजनाला पोरांनी घरोघरचं आणलं. कुणी पुरणपोळी, कुणी कानवले, आमच्याकडून वांग्याची भाजी. वखारीत सरकीचा वास होता, घड्याळानं अकरा ठोके दिले तेव्हा ऊन कलतं होतं. मी त्या दिवसाइतकी सुखी पुढे क्वचितच झाले असेन.

मग वेचणी आली. पहिल्या दिवशी बायांनी वावरात सीतादही केलं, कापसाच्या झाडांना दही-भाताचा नैवेद्य दाखवला, आणि दुसऱ्या दिवसापासून गाव रिकामं. न्हावी वेचायला, कुंभार वेचायला, माझी माय पाटलांच्या वावरात वेचायला, पोरं तर सगळ्यांत आधी. वखारीत उरलो मी आणि नाम्या. नाम्याला बोंडांची टोकं टोचायची, म्हणून तो शाळेत यायचा. मास्तर आम्हा दोघांसमोर उभे राहून रोज हजेरी घ्यायचे. हजेरीत माझं नाव नव्हतंच. पंचवीस नावं ते पुकारायचे, चोवीसदा थांबायचे आणि "नामदेव" म्हटलं की नाम्या म्हणायचा, "हाय ना, दिसत नाई का?" अशात एके दिवशी अकोल्याहून कागद आला. तो वाचून मास्तर पाटीवरच बसले. शाळा तपासणारे डिप्टीसाहेब परवा येणार. पोरं दिसली नाहीत तर शाळा ह्या गावातून उठून शेजारच्या गावाला जाणार. मी विचारलं, "मंग आमी?" मास्तर म्हणाले, "तुम्ही पुन्हा दाजीपंतांकडे." नाम्याला काही फरक पडत नव्हता. मला पडत होता. मी पुन्हा ओट्याखाली. त्या दिवशी मी भाकर खाल्ली नाही, आणि मायला वाटलं मला ताप आला.

दुपारी मास्तर दाजीपंतांकडे गेले. नाम्या त्यांच्या मागे गेला, म्हणून मीही गेले. ओटाही रिकामाच होता. दाजीपंत एकटे बसून मारुतीला पाढे म्हणून दाखवत असावेत असं दिसत होतं. मास्तरांनी मान खाली घालून सगळं सांगितलं आणि म्हणाले, "एका दिवसापुरती तुमची मुलं द्या." दाजीपंत म्हणाले, "माझी पोरं अन् तुमची पोरं एकच हायेत, मास्तर, अन् ते सारे पाटलाच्या वावरात हायेत." मग त्यांनी डबी उघडली. आम्ही तिघंही मागे सरकलो. शिंक झाली, छडी हवेत फिरली, आणि डोळे पुसत ते म्हणाले, "पोरं साळेत येत नाईत ना? मंग साळा पोरांकडे न्या." मास्तर म्हणाले, "वावरात?" "कावून नाई? तुमचं ते येडं घड्याळ गाडीत घाला. मी बी येतो. ह्या गावात बिनापोरांचा पंतोजी मी एकटाच पुरे, दोन कशाले?" एवढं बोलून ते उठले, आणि ओट्यावरून उतरताना माझ्याकडे न पाहता पुटपुटले, "हिचा क लय मोठा असते. पाटीवर मावते का आता?"

तपासणीच्या दिवशी पाटलांची बैलगाडी वखारीसमोर लागली. घड्याळ, पाट्या, खुर्ची सगळं वावरात गेलं. घड्याळ निंबाला टांगलं. पाटलांची अट एकच होती, "वेचनी थांबता कामा नये." म्हणून दाजीपंतांनी शाळेची मांडणी केली ती अशी: पहिल्या तासात, म्हणजे कपाशीच्या पहिल्या ओळीत, बेचा पाढा, दुसऱ्यात तीनचा, तिसऱ्यात चारचा, पोरांनी ज्या ओळीत वेचायचं तो पाढा म्हणायचा. हात बोंडाला, तोंड पाढ्याला. आमचा देशी कापूस उंचीनं बेताचा, पण पोरं त्याहून बेताची. त्यामुळे लांबून पाहिलं तर माणूस दिसत नव्हता, आणि सारं वावर पाढे म्हणत होतं. वावरात एक बरं होतं, कुणी कुठे बसायचं ह्याची ओट्यावरची ओळ तिथे नव्हती. महारवाड्यातली पोरं एरवी शाळेच्या अंगणातही येत नसत. त्या दिवशी तीही आपापल्या तासात होती आणि पाढा म्हणत होती. त्यांना कुणी म्हणायला सांगितलं नव्हतं आणि कुणी थांबवलंही नाही. त्यांना तेवढी एकच वेचणी मिळाली. ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. आता येतं.

डिप्टीसाहेब तट्टावरून गावात आले तेव्हा त्यांना भेटला एकटा कोतवाल. त्यांनी विचारलं, "शाळा कुठे आहे?" कोतवाल म्हणाला, "साळा नाई जी. साळा वेचाले गेली." डिप्टीसाहेबांना वाटलं माणूस पिऊन आहे. ते वखारीत जाऊन पाहून आले. भिंतीवर घड्याळाच्या जागी नुसता खिळा. मग पाढ्यांच्या आवाजाचा माग काढत ते वावराच्या बांधावर पोचले. गोरे, पोक्त, उपरणं घेतलेले गृहस्थ. घामानं पागोटं ओलं झालेलं. मास्तरांनी पुढे होऊन नमस्कार केला, त्यांना खुर्ची दिली, आणि म्हणाले, "साहेब, शाळा भरली आहे." डिप्टीसाहेबांनी समोर पाहिलं. पांढरंशुभ्र वावर, वर आभाळ, आणि कुठून तरी "बे चोक आठ". इतक्यात घड्याळ वाजलं. साहेब मनात मोजत होते हे त्यांच्या ओठांवरून दिसत होतं. चौदा झाल्यावर त्यांनी मोजणं सोडलं.

ते म्हणाले, "बरं. मी इथून प्रश्न विचारतो." आणि वावराकडे तोंड करून मोठ्यानं विचारलं, "आपल्यावर राज्य कुणाचं?" "पाटलाचं!" दहा ठिकाणांहून एकदम उत्तर आलं. खुर्चीमागे उभे असलेले पाटील प्रसन्न हसले. "राणी कोण?" "पाटलीनबाई!" दाजीपंत जोरात खोकले. मास्तरांचा चेहरा वावराच्या रंगाचा झाला. मी चौथ्या तासात होते, ओटीत कापूस, आणि मला त्यांचा चेहरा झाडांमधून दिसत होता. साहेबांनी विचारलं, "सोळा नवे?" पोरांनी तोंडं बोंडांकडे वळवली. मी वाकून म्हटलं, "एकशे चव्वेचाळीस!" आणि खाली दबले. "एकोणतीस सत्ते?" मी दोन झाडं पुढे सरकून म्हटलं, "दोनशे तीन!" "सतराची अडीचकी?" मी दुसऱ्या तासात घुसले. "साडेबेचाळीस!" "पूर्णा नदी कुठे मिळते?" "तापीले!" प्रत्येक प्रश्नाला मी जागा बदलत होते; लुगड्याचा काष्टा बोंडांना अडकून फाटला. साहेब मास्तरांना म्हणाले, "मुलं तयार आहेत. पण सगळ्यांचा आवाज एकच कसा?" दाजीपंत म्हणाले, "एकाच हिरीचं पानी, सायेब."

साहेब उठले आणि वावरात शिरले. त्यांच्यामागून त्यांचं तट्टू शिरलं आणि कापूस खाऊ लागलं. तट्टामागून पाटील शिरले, बूट हातात. साहेबांना पहिला पोरगा सापडला तो नाम्या. वेचलेल्या कापसाच्या ढिगावर बसून तो भाकर आणि वांगं खात होता. साहेबांनी विचारलं, "बाळ, बारा साते किती?" नाम्यानं घास गिळला, त्यांच्याकडे वर पाहिलं, आणि तोफ सुटली, "यमे वं! हा बाप्पा काईबाई इचारून राह्यला, सांग त!" मी विचार न करता तीन तासांपलीकडून म्हटलं, "चौऱ्याऐंशी!" आणि मग तोंडावर हात ठेवला. साहेब वळले. "कोण ते? बाहेर ये." मी उभी राहिले. डोक्यात कापूस, ओटीत कापूस, लुगडं फाटलेलं. सारे पाढे थांबले. माझी माय पलीकडच्या ओळीतून धावत आली आणि माझ्यापुढे उभी राहून म्हणाली, "माही पोट्टी हाय, सायेब. काई चुकलं असंल त मले बोला." मी तिचा पदर धरला. मला वाटलं, आता मला नेतील, आणि नाम्या माझ्यावाचून राहणार नाही.

साहेबांनी खिशातून एक कागद काढून माझ्यापुढे धरला. "नुसते पाढे तर पोपटही म्हणतो. हे वाच." अक्षर बाळबोध होतं. मी मायच्या मागून डोकं काढून वाचू लागले. "सदरहू गावी... मुले हजर... राहात नसल्याकारणाने..." आणि पुढची ओळ मला दिसली. ही शाळा ह्या गावातून उठवावी. मी थांबले. सारं वावर ऐकत होतं. मी वाचलं, "ही शाळा ह्या गावात ठेवावी." साहेब म्हणाले, "पुन्हा वाच." मी पुन्हा तेच वाचलं. "तिथे तसं लिहिलं आहे?" मास्तरांनी डोळे मिटून घेतले. खोटं बोलायला मला जमेना. मी म्हटलं, "नाई." "मग?" "तसं पाह्यजे होतं. लिहिनाऱ्याचं चुकलं." तो कागद खुद्द साहेबांनीच लिहिला होता हे मला काय ठाऊक! दाजीपंतांनी घाईनं डबी उघडली, शिंक आली आणि छडी थेट डिप्टीसाहेबांच्या उपरण्याला लागून गेली. आणि साहेब हसायला लागले. आधी नाकातल्या नाकात, मग पोट धरून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. शेवटी ते नाम्याच्या शेजारी कापसावर बसले आणि नाम्यानं त्यांना अर्धं वांगं दिलं. त्यांनी ते खाल्लं. ब्राह्मण माणसानं माळ्याच्या पोराचं उष्टं वांगं खाल्लं ह्याची चर्चा पाटील पुढे तपासणीपेक्षा जास्त करायचे.

जाताना साहेबांनी कागद दुमडून पागोट्यात खोचला आणि मास्तरांना म्हणाले, "ह्या मुलीचं नाव पटावर नाही." मास्तर म्हणाले, "पत्रकात मुलींचा रकाना नाही, साहेब." साहेब तट्टावर चढत म्हणाले, "मग आखा. पट्टी आहे ना?"

दुसऱ्या दिवशी वेचणी चालूच होती. शाळाही वावरातच भरली, आणि ती तशी वेचणी संपेपर्यंत भरत राहिली. दाजीपंत डाव्या बाजूच्या ओळी घ्यायचे, मास्तर उजव्या. पुढे ती लढाई कुठेतरी संपली, कापसाचा भाव पडला, पाटलांची खुर्ची पोरांना बसायला शाळेत आली, आणि माझं लग्न होऊन मी अमरावतीला आले. तो भाग वेगळा. मला सांगायचं आहे ते त्या सकाळचं. मास्तरांनी निंबाखाली उभं राहून हजेरी घेतली. पंचवीस नावं झाली. मग पट्टीनं आखलेल्या नव्या रकान्यात बोट ठेवून त्यांनी पुकारलं, "यमुना." मी इकडेतिकडे पाहिलं. यमुना कोण हे मला चटकन कळेना, कारण घरी मला त्या नावानं कुणी हाक मारत नव्हतं. ते पुन्हा म्हणाले, "यमुना." नाम्यानं मला कोपर मारलं, "यमे, तुलेच बलावून राह्यले!" मी उभी राहिले. "हजर" म्हणायचं असतं, पण हजेरीत आपलं नाव कधी ऐकलंच नव्हतं, त्यामुळे ते मला सुचलंच नाही. पण कुणी नाव घेतलं म्हणजे आपल्याकडे असेल ते द्यायला हवं एवढं मला समजलं. म्हणून मी हात जोडले, डोळे मिटले आणि तिसाचा पाढा सुरू केला. तीस एके तीस, तीस दुणे साठ. तो संपल्यावर एकोणतिसाचा. मास्तरांनी मला थांबवलं नाही.